पंप लावला की इन्व्हर्टर ट्रिप होतो, मग बॅटरी गेली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२ व्होल्टची ऑफ-ग्रिड (म्हणजे विजेच्या लाइनला न जोडलेली, सोलर पॅनेलवरची) सिस्टीम, १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा साठा) दोन ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या पॅरललमध्ये, २००० वॅटचा इन्व्हर्टर, मधली केबल १६ स्क्वेअर एमएमची आणि एका बाजूने अडीच मीटर. रात्रभर दिवे, पंखा, राउटर आरामात चालतात, पण सकाळी अर्ध्या एचपीचा पाण्याचा पंप लावला की इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून बोंबलतो आणि ट्रिप होतो. डीलर म्हणतोय बॅटऱ्या गेल्या, बदला.

बदलू नका. निदान मीटर लावून बघेपर्यंत तरी नको.

आधी एक हिशोब डोक्यात बसवून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. २३० व्होल्टच्या बाजूला जो करंट दिसतो तो १२ व्होल्टच्या बॅटरीच्या बाजूला वीस-बावीसपट होऊन दिसतो. १००० वॅटचा लोड एसी बाजूला सव्वाचार-साडेचार अँपिअर, साधी बारीक वायर पुरते, आणि तोच लोड बॅटरीकडे १००० भागिले १२ म्हणजे ८३ आणि त्यात इन्व्हर्टरने स्वतः खाल्लेलं धरलं (एफिशियन्सी ८८ टक्के पकडा) तर ९५ अँपिअर. लोक लोड वॅटमध्ये मोजतात, बॅटरी एएचमध्ये मोजतात, आणि मधे एका वेळी किती अँपिअर जातायत हे कोणीच बघत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

आता तुमचा पंप घेऊ. अर्धा एचपी म्हणजे शाफ्टला ३७३ वॅट, पण छोट्या मोटरची एफिशियन्सी यथातथाच असते त्यामुळे चालू असताना ६०० वॅटच्या आसपास खातो असं धरा. बॅटरीकडे ५७ अँपिअर. हे तुमच्या बॅटऱ्या झेलतात, काही प्रॉब्लेम नाही. अडचण पहिल्या अर्ध्या-एक सेकंदाची आहे. थांबलेली मोटर उचलायला रनिंगच्या पाच-सहा पट करंट लागतो, तो सगळाच्या सगळा बॅटरीवर येत नाही कारण स्टार्टिंगला पॉवर फॅक्टर खराब असतो (करंट आणि व्होल्टेज एका तालात नसतात) आणि बॅटरीला द्यावे लागतात ते वॅट, व्हीए (नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर) नाही, तरीपण दीड हजार-अठराशे वॅटचा झटका बसतोच. अठराशे धरले तर बॅटरीकडे १७० अँपिअर.

हे १७० अँपिअर कुठून कुठून जातात बघा. चांगल्या स्थितीतल्या १५० एएच लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा आतला रेझिस्टन्स ४-५ मिलिओहम असतो, दोन पॅरलल म्हणजे अडीच. केबल अडीच मीटर जाताना आणि अडीच येताना, एकूण पाच मीटर, तांब्याचा १६ स्क्वेअर एमएम, त्याचे झाले ५.४ मिलिओहम. फ्यूज, लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा कान), नट-बोल्ट सगळे मिळून तीनेक धरू. बेरीज ११ मिलिओहम. गुणिले १७० म्हणजे १.८७ व्होल्ट. सकाळी बॅटरी १२.३ वर असेल, त्यातून १.८७ गेले, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर उरले १०.४. कटऑफ, म्हणजे ज्याच्या खाली इन्व्हर्टर बंद होतो तो आकडा, १०.५. खेळ खल्लास.

आणि यातले बॅटरीचे किती? साधारण ०.४२ व्होल्ट. केबलचे ०.९२. म्हणजे बॅटरीला शिव्या बसतायत आणि दुप्पट व्होल्ट केबल खातेय.

वरून इन्व्हर्टर हट्टी असतो. त्याला बाहेर वॅट तेवढेच द्यायचे असतात, त्यामुळे इकडे व्होल्टेज पडलं की तो जास्त अँपिअर ओढतो, जास्त अँपिअर ओढले की व्होल्टेज अजून पडतं. हीटरसारखा साधा लोड थेट बॅटरीवर लावला तर व्होल्टेज पडलं की करंटही कमी होतो, इन्व्हर्टरचं बरोबर उलटं आहे. म्हणून बॅटरी अर्धी असताना जो लोड कसाबसा चालतो तो पाव बॅटरीवर एकदम कोसळतो, हळूहळू मंद वगैरे होत नाही.

हे मी कागदावर मांडलं, तुम्ही प्रत्यक्ष मोजा. साधा मल्टिमीटर चालेल पण मिन-मॅक्स बटणवाला असला तर उत्तम, कारण अर्ध्या सेकंदाचा डिप डोळ्याला दिसत नाही. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर, लगवर नाही बरं का, थेट शिशावर दाबून धरायचा, दुसरा निगेटिव्ह पोस्टवर, कोणाला तरी पंप लावायला सांगा आणि मिनिमम वाचा. मग तेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. पोस्टवर ११.८ आणि इन्व्हर्टरवर १०.५ आला तर बॅटऱ्या ठणठणीत आहेत, दोष मधल्या रस्त्याचा. पोस्टवरच १०.६ आला तर मात्र डीलर खरं बोलतोय, किंवा बॅटऱ्या मुळात चार्जच होत नाहीयेत. त्यानंतर पंप किंवा दुसरा कुठला जड लोड चालू असताना एक प्रोब बॅटरीच्या प्लस पोस्टवर आणि दुसरा इन्व्हर्टरच्या प्लस टर्मिनलवर ठेवा, जे मिलिव्होल्ट दिसतील ते थेट त्या एका वायरचं आणि तिच्या जोडांचं नुकसान. मग पोस्ट ते लग, लग ते वायर, फ्यूजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, असे तुकडे करत जा. दहा मिनिटांत चोर सापडतो. करंट मोजायला क्लॅम्प मीटर घ्यायचा असेल तर डीसी मोजणारा घ्या, साधा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो आणि बॅटरीच्या केबलवर लावला तर काहीतरी भलतंच दाखवत बसतो.

एकदा एका सिस्टीमला मी असंच तुकडे पाडत शोधत होतो, केबल जाड, बॅटऱ्या नव्या, आणि एका बोल्टवर अर्धा व्होल्ट गायब. खोलून बघितलं तर स्टीलचा वॉशर लगच्या वर असायच्या ऐवजी लग आणि टर्मिनलच्या मधे घातलेला. स्टेनलेस स्टीलचा रेझिस्टन्स तांब्याच्या चाळीसेक पट. लग थेट टर्मिनलच्या पृष्ठभागाला चिकटला पाहिजे, मग वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. आणि तो वॉशर मीच बसवला होता आठ महिन्यांपूर्वी, घाईत, अंधार पडत आला होता म्हणून. एका जोडाचा रेझिस्टन्स फक्त ५ मिलिओहम असला तरी १०० अँपिअरला तिथे ५० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे बोल्टवर सोल्डरिंग आयर्न बांधून ठेवल्यासारखं. लोड चालू असताना इन्सुलेशनचा वास येतो का बघा, आणि लोड बंद केल्यावर हाताच्या पाठीने लग चाचपून बघा, एक गरम आणि बाकीचे गार असतील तर पाना घ्या.

तुमच्या बाबतीत मी पहिलं काम केबलचं करीन. इन्व्हर्टर उचलून बॅटरीजवळ आणा, पण थेट बॅटरीच्या डोक्यावर नको, चार्जिंगचा गॅस आणि अ‍ॅसिडची वाफ बोर्ड खाते, बाजूला भिंतीवर ठीक. केबल एका बाजूने एक मीटर आणि ५० स्क्वेअर एमएमची केली तर ५.४ मिलिओहमचे ०.७ होतात. तोच १७० अँपिअरचा झटका, इन्व्हर्टरला मिळतील ११.२ च्या पुढे, पंप चालू. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पूर्ण लोडला १९० अँपिअर ओढतो, त्याला १६ ची केबल दिली कोणी हाच मला प्रश्न पडलाय, ती नुसती व्होल्टेज खात नाही तर पेटू शकते.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून घेतल्यात आणि दुसरी बॅटरी जंपरने (छोट्या जोडवायरने) जोडलीये. असं नका करू. प्लस एका बॅटरीवरून घ्या आणि मायनस दुसऱ्या बॅटरीवरून, तिरकं. नाहीतर जवळच्या बॅटरीला लांबच्यापेक्षा सोपा रस्ता मिळतो, जंपरचा एक मिलिओहम जरी आडवा आला तरी १७० पैकी ९३ अँपिअर जवळची देते आणि ७७ लांबची, जंपर बारीक असेल तर फरक अजून वाढतो. रोज रोज असं झालं की जवळची लवकर म्हातारी होते आणि मग चांगली बॅटरी त्या म्हातारीलाच पोसत बसते.

आता मोठ्या करंटने बॅटरीचं नक्की काय होतं तो भाग, कारण तुमचा दुसरा प्रश्न होता की १५०० वॅटचा हीटर चालवला तर ३०० एएच दोन तास तरी चालायला हवा ना. नाही चालणार. बॅटरीवर लिहिलेला एएच हा ठराविक वेगाने काढला तरच मिळतो. सी२० लिहिलं असेल तर वीस तासांत, म्हणजे ३०० एएचला १५ अँपिअरने. सी१० असेल तर दहा तासांत. (दोन बॅटऱ्या तुलना करताना हे नक्की बघा, १५० सी१० आणि १५० सी२० एक नव्हे, सी१० वाली मोठी.) पोइकेर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ मध्येच याचा नियम मांडून ठेवलाय आणि लेड-अ‍ॅसिडला त्यातला घातांक १.१ ते १.३ च्या मधे कुठेतरी असतो. तुमच्या बॅटरीला १.२ धरला आणि हीटरचे १४२ अँपिअर घातले तर ३०० एएचची बॅंक दोन तास सात मिनिटांच्या ऐवजी एक तास वीस मिनिटांत संपते. तेही पूर्ण रिकामी करून. अर्ध्यावर थांबायचं म्हटलं, आणि लेड-अ‍ॅसिडला थांबावंच, तर चाळीस मिनिटं.

असं का होतं तर प्लेटच्या बारीक छिद्रांत जे अ‍ॅसिड असतं ते मोठ्या करंटला पटकन संपतं, बाहेरचं अ‍ॅसिड आत झिरपायला वेळ लागतो, तेवढा वेळ तुम्ही देत नाही. बाहेर माल भरपूर आहे पण काउंटरवर संपलाय असं समजा. म्हणूनच लोड काढून अर्धा तास थांबलं की व्होल्टेज आपोआप वर येतं आणि लोकांना वाटतं बॅटरी स्वतःच चार्ज झाली. ती चार्ज झाली नाही, अ‍ॅसिड आत पोचलं. ही उरलेली एएच वाया गेलेली नसते, नंतर छोट्या लोडला ती मिळते. थंडीत झिरपणं अजून मंद होतं, त्यामुळे गारठ्याच्या पहाटे तोच पंप ट्रिप करतो आणि दुपारी गुपचूप चालतो.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी बऱ्याच मेकॅनिकांनापण पटत नाही. मोठा करंट बॅटरी मारतो असं सगळे म्हणतात, पण मी मेलेल्या बघितलेल्या बहुतेक ट्यूब्युलर बॅटऱ्या छोट्या करंटने मेल्यात. कसं ते बघा. मोठा लोड असला की व्होल्टेज लगेच पडतं, इन्व्हर्टर ट्रिप होतो, बॅटरीत बरंच काही शिल्लक असतानाच थांबतो. चिडचिड होते पण बॅटरी वाचते. छोटा लोड असला, समजा ५-६ अँपिअर, तर रेझिस्टन्समुळे पडायला काहीच नाही, व्होल्टेज हळूहळू उतरत उतरत १०.५ ला येतं तेव्हा बॅटरी खरोखर तळापर्यंत खरवडलेली असते. कटऑफचा आकडा तोच, १०.५, पण १५० अँपिअरला १०.५ म्हणजे अर्धी बॅटरी असू शकते आणि ५ अँपिअरला १०.५ म्हणजे मढं. मग ती तशीच दिवसभर ढगाळ हवेत पडून राहते, प्लेटवर सल्फेट कडक होतं, आणि पुढच्या महिन्यात तिचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, आणि मग पंप ट्रिप होतो, आणि मग दोष पंपाच्या करंटवर येतो. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये कटऑफ सेटिंग बदलता येत असेल तर ११ च्या आसपास करा, पण केबल दुरुस्त केल्यानंतर, आधी केलं तर पंप अजिबात चालू देणार नाही.

छोट्या करंटमध्ये इन्व्हर्टर स्वतः पण आला. काही लोड नसताना २००० वॅटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तर दीड अँपिअर सहज खातो. चोवीस तासांचे ३६ एएच, तुमच्या बॅंकेचे बारा टक्के, एकही दिवा न लावता. सर्च मोड किंवा इको मोड (लोड नसताना इन्व्हर्टर झोपून राहतो तो) असेल तर बघा, पण त्यात छोटा चार्जर किंवा एक एलईडी दिवा ओळखला जात नाही आणि दिवा लुकलुकत बसतो. माझा जुगाड असा की रात्रीच्या दिव्या-राउटरला वेगळा छोटा ३०० वॅटचा इन्व्हर्टर ठेवायचा, किंवा ते थेट १२ व्होल्टवर चालवायचे, आणि मोठा इन्व्हर्टर पंपापुरता लावायचा. दोन्हीचे आउटपुट चुकूनही एकत्र जोडू नका.

लिथियम घेऊ का हे विचारलंय. लिथियम आयर्न फॉस्फेटला पोइकेर्टचा त्रास जवळपास नाही, आतला रेझिस्टन्स कमी, १२.८ व्होल्टची बॅटरी शेवटपर्यंत साधारण १३ च्या आसपास राहते, पंप मस्त उचलते. पण आत बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, बॅटरीला सांभाळणारं आणि गरज पडली तर तोडणारं सर्किट) असतं. १०० एएचच्या बॅटरीला बहुतेक वेळा १०० अँपिअरचं बीएमएस असतं, तुमचा झटका १७० चा, काही बीएमएस थोडा वेळ सहन करतात, काही नाही करत, आणि ते जेव्हा तोडतं तेव्हा बीपबीप काही नाही, सरळ शून्य. म्हणजे एएच बघून नाही, बीएमएसचा कंटिन्युअस आणि पीक करंट बघून घ्या. अजून एक, इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, रिकामे असताना लिथियम जोडली की ठिणगी उडते आणि बीएमएस त्याला शॉर्ट समजून बंद होतं, लोक बॅटरी खराब म्हणून परत करतात. आधी २५-५० ओहमचा जाड रेझिस्टर काही सेकंद मधे धरून कपॅसिटर भरून घ्यायचे, मग केबल लावायची. आणि शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नाही.

२४ व्होल्ट करू का? नवीन सिस्टीम असती तर डोळे झाकून हो म्हटलं असतं. माझा नियम असा की बॅटरीकडचा चालू करंट १०० अँपिअरच्या वर जायला लागला की व्होल्टेज वाढवा, म्हणजे हजार वॅटच्या पुढे २४, दोन हजारांच्या पुढे ४८. त्याच दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या तर साठा तेवढाच, झटका १७० च्या ऐवजी ८५ अँपिअर, आणि तुमच्या आत्ताच्या बारीक केबलवरचं नुकसान साडेसात टक्क्यांवरून दोनच्या खाली. पण इन्व्हर्टर बदलावा लागेल, चार्ज कंट्रोलर २४ चालवतो का आणि पॅनेलचं व्होल्टेज त्याला पुरतं का बघावं लागेल, आणि सिरीजमध्ये दोन बॅटऱ्या एकाच वयाच्या एकाच जातीच्या हव्यात नाहीतर एक ओव्हरचार्ज होते आणि एक उपाशी. सध्या जाड केबलने काम भागतंय तर हे पुढच्या बॅटरी बदलाच्या वेळेला ठेवा.

फ्यूजबद्दल एकच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॅटरीजवळ घरगुती एसीचा एमसीबी दिसतोय, तो आजच काढा. एसीत ५० हर्ट्झला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून ठिणगी विझते, डीसीत शून्य येतच नाही, आत आर्क तसाच जळत राहतो. आणि अडीच मिलिओहमच्या बॅंकेला शॉर्ट झाला तर करंट हजारोंमध्ये जातो, चार-पाच हजार अँपिअर. डीसी रेटिंगचा आणि एवढा करंट तोडू शकणारा फ्यूज, प्लसच्या पोस्टपासून जितका जवळ बसेल तितका जवळ.

केबल यायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत पंप पहाटे लावायचं सोडा आणि अकरा-बाराच्या उन्हात लावा. तेव्हा बॅटरी १३.५ च्या आसपास असते, पॅनेलमधून येणारे २०-३० अँपिअर थेट इन्व्हर्टरला जातात आणि तेवढा भार बॅटरीवरून उतरतो, शिवाय ओढलेलं संध्याकाळपर्यंत भरूनही निघतं. आणि पंपाचा कपॅसिटर पण एकदा मोजून घ्या, त्याच्यावर जो मायक्रोफॅरड लिहिलाय त्यापेक्षा बराच कमी दाखवत असेल तर मोटर उठायला अर्ध्याच्या जागी दोन-तीन सेकंद घेते, नुसती घुं घुं करते, आणि तेवढा सगळा वेळ ते १७० अँपिअर वाहतच राहतात.